बर आली, बर गेली

रविवारची सकाळ. पोह्यांना फोडणी घातली होती, मोहरी तडतडत होती, आणि तेवढ्यात बाल्कनीतून आरोळी आली, "आली! अगं, बर आली!"

हातातलं उलथनं तसंच घेऊन मी धावत बाहेर गेले. म्हटलं, एवढ्या सकाळी कोण आली? दाराशी कोणीच नव्हतं. आमचे हे बाल्कनीत पाटावर मांडी घालून बसलेले, पुढ्यात माझी पुरणपोळीची परात, परातीत पाणी, पाण्यात दगड, आणि हातात माझी भाजीची सुरी. चेहरा असा, की मुलगा बोर्डात आला त्या दिवशीसुद्धा इतका उजळला नव्हता.

"बोट लावून बघ," हे म्हणाले. "आडवं लाव, लांबीने नको. लागते ना कड? ती बर!"

मैत्रिणींनो, तुम्हीही माझ्यासारख्याच अडाणी असाल, म्हणून सांगते. सुरीच्या पात्याची एक बाजू दगडावर घासत गेलं, की धारेजवळचं पोलाद इतकं पातळ होतं की ते दुसऱ्या बाजूला वळतं. तिथे एक बारीकशी कड उभी राहते. डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण बोटाला लागते. तिला म्हणायचं बर. ती आली म्हणजे ही बाजू थेट टोकापर्यंत घासली गेली, आता पातं उलटवायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूनेही तसंच करायचं. आणि शेवटी काय करायचं, तर हळूहळू हलका हात फिरवून ती बर घालवायची!

"घालवायचीच होती तर आणली कशाला?" मी विचारलं.

"गौरी नाही का आपण आणत?" हे शांतपणे म्हणाले. "आणि तिसऱ्या दिवशी पोचवतो."

यावर मी काय बोलणार? आत जाऊन बघते तो मोहरीचा कोळसा झालेला.

आमच्या यांनी छत्तीस वर्षं बँकेत काढली. घरात साधा खिळा ठोकायचा तरी मला शेजारच्या काकांना बोलवावं लागे. तेव्हाही यांची भाषा आम्हाला कळत नव्हतीच. 'तारण', 'ताळेबंद', 'अनार्जित' असे शब्द जेवताना ताटात पडायचे. आम्ही आमटीबरोबर ते गिळायचो. निवृत्त झाल्यावर वाटलं, चला, आता तरी हे मराठी बोलतील. पहिले दोन महिने बोललेच नाहीत, नुसते खिडकीशी बसून असायचे. मग आमच्या इमारतीतल्या, कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी यांना एक दगड दिला. लोकांना निवृत्तीनंतर दासबोध देतात, यांना दगड मिळाला. तेव्हापासून घरात ग्रिट, बेव्हल, बर, स्ट्रॉप असे शब्द झुरळांसारखे कुठूनही निघू लागले.

एकदा हे त्या मित्राशी फोनवर बोलत होते, "चारशेने सुरुवात केली. मग हजार. आता तीन हजारांवर आहे. जमलं तर सहा हजारांवर न्यायचा विचार आहे." सासूबाई देवघरात वाती वळत होत्या. संध्याकाळी मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय ग, हा पत्ते खेळायला लागलाय का?"

तर ते आकडे रुपयांचे नव्हेत. (दगडाची किंमत कळली तेव्हा मला वाटलं, रुपयांचे असते तर बरं झालं असतं.) दगडातला दाणा किती बारीक, त्याचा तो आकडा. मूळ हिशोब चाळणीचा आहे. चाळणीला एका इंचात जितकी घरं जास्त, तितका खाली पडणारा दाणा बारीक. म्हणजे आकडा मोठा तर दगड मऊसूत. चारशेचा दगड म्हणजे लापशी रवा, हजाराचा म्हणजे बारीक रवा, आणि सहा हजारांचा म्हणजे मैदा. पार बोथट झालेल्या, दाते पडलेल्या सुरीला आधी लापशी रवा, रोजच्या सुरीला बारीक रवा, आणि मैदा कशाला, तर हौसेला. हजाराच्या दगडातला कण साधारण चौदा-पंधरा मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. एवढं मी ह्यांना रवा-मैद्याच्या भाषेत सांगून दाखवलं, तर हे म्हणाले, "हे तुला कोणी सांगितलं?" कोणी सांगायला हवं का? पन्नास वर्षं चाळण हातात आहे माझ्या.

पण खरी गंमत झाली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायका बसल्या होत्या, वन्सं आल्या होत्या, मी तिळगूळ वाटत होते. पलीकडच्या खोलीत हे आणि ते टर्नर मित्र. दार लोटलेलं, पण यांचा आवाज बँकेतला, खणखणीत. "हिची छप्पन्न-अठ्ठावन्न असेल. जपानी असती तर साठच्या वर गेली असती. पण जपानी फार ठिसूळ असतात हो, जरा आपटली की टवका उडतो. ही मऊ आहे, पण पुन्हा वळणावर आणता येते."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वन्संनी तर तिळगुळाची वडी तोंडापाशी नेली ती तशीच धरून ठेवली. माझं वय अठ्ठावन्न कधीच मागे पडलंय, त्यामुळे एका परीने मला बरंच वाटलं म्हणा, पण ती जपानी कोण?

ते बोलणं सुरीच्या कडकपणाचं होतं. अमेरिकेत ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी धातूचा कडकपणा मोजायचं एक यंत्र काढलं, त्याचं पेटंट १९१९ साली मिळालं. हिऱ्याचं बारीक टोक ठरावीक वजनाने पोलादावर दाबायचं आणि ते किती आत रुततं ते बघायचं. कमी रुतलं तर आकडा मोठा. आपल्या नेहमीच्या स्टेनलेसच्या सुऱ्या पंचावन्नच्या आसपास असतात, जपानी पद्धतीच्या साठ आणि वर. कडक पातं धार जास्त दिवस धरतं, पण हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर मारलं तर त्याचा तुकडा उडतो. यंत्र आपल्याकडे नाही, आणि हवंय कशाला? गूळ बोटाने दाबून तो चिक्कीचा की साधा, हे आपण सांगतोच की.

मला हसायला येतं ते याचंच. हे बर आणि बेव्हल म्हणाले की ते शास्त्र, आणि आपण बायका एकतारी पाक, गोळीबंद पाक, मोहन, आधण म्हणतो तो स्वयंपाक! एक दिवस मी ठरवून ह्यांना म्हटलं, "अहो, ब्लाउजचं कापड आणा. कटोरी उरेबात कापायचीय आणि मुंढ्याला माया सोडायचीय, त्या हिशोबाने आणा." हे दुकानात जाऊन अर्ध्या तासाने हात हलवत परत आले. म्हणाले, "दुकानदाराने विचारलं पन्हा किती, तर मी म्हटलं, आमच्याकडे कैरीचंच करतात." फिट्टंफाट!

आता एक मात्र ह्यांना मी खरंखुरं हरवलं. हे कार्बोरंडम, कार्बोरंडम म्हणत एक काळपट दगड मिरवत होते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचा कुरुंदच की." हे हसले. मी मात्र हटून बसले आणि लेकाला शोधायला लावलं, तर काय! इंग्रजीत ज्याला कोरंडम म्हणतात तो शब्द मुळात आपल्याकडचाच, तमिळमधल्या कुरुंदम्‌वरून गेलेला, संस्कृतात कुरुविंद. हिऱ्याच्या खालोखाल कठीण दगड तो. आणि ऐका, माणिक आणि नीलम ही रत्नं म्हणजे कुरुंदच, नुसता रंगाचा फरक. म्हणजे कानातल्या कुडीचं माणिक आणि सुरीला धार लावायचा दगड सख्खी भावंडं! पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचे गृहस्थ कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होते. चिकणमाती आणि कोक एकत्र करून त्यात वीज सोडली, तर चमकदार कठीण स्फटिक मिळाले. त्यांना वाटलं, हा कार्बन आणि कोरंडम यांचा मेळ असणार, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कुरुंदाचा कणही नव्हता, ते निघालं सिलिकॉन कार्बाइड. नाव चुकलं ते चुकलंच, तसंच चालू राहिलं. एवढं मोठं तांत्रिक नाव, आणि त्यात आपल्या आज्यांचा शब्द चुकून जाऊन बसलेला.

हसून झालं. आता जरा दुसरं सांगायचंय, आणि ते सांगायला मला बरं वाटत नाही.

सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, हात थोडे थरथरतात. पण भाजी त्याच चिरणार, आणि तीही विळीवरच. ती विळी त्यांच्या लग्नातली. घासून घासून पातं निम्मं उरलंय, खवणीचे दाते झिजलेत, पण पाट शिसवी, अजून घट्ट. मला त्या विळीची भीती वाटायची. म्हणून मी काय केलं, तर गेली दोन वर्षं तिला धारच लावू दिली नाही. सायकलवाला धारवाला महिन्या-दोन महिन्यांनी गल्लीत यायचा. मी सुऱ्या द्यायची, कात्री द्यायची, विळी आत ठेवायची. सासूबाई विचारायच्या, "धारवाला आला नाही का ग?" मी म्हणायची, "हल्ली येतच नाही हो." मनात हिशोब असा, की बोथट असलेली बरी, लागणार तर नाही.

ह्यांनाही मी विळीला हात लावू दिला नाही. त्याला कारणही होतं. सुरुवातीच्या हौसेत ह्यांनी मित्राच्या मोटारीच्या चाकावर माझी आवडती सुरी धरली. ठिणग्या उडाल्या, दिवाळी झाली, आणि पात्याची कड निळी पडली. ती सुरी पुन्हा कधी धार धरेना. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचा कडकपणा जातो. आपल्या भाषेत, पाणी उतरतं. सासूबाईंनी त्या दिवशी सुरी हातात घेऊन एवढंच म्हटलं होतं, "पाणी गेलं हिचं." पुढे माझ्या कारणाला ही घटना बरी सापडली.

चैत्रात एके दुपारी घारग्यांसाठी लाल भोपळा आणला होता. मी बँकेत पासबुक भरायला गेले होते. सासूबाईंनी विळी मांडली. भोपळ्याची साल ती केवढी टणक, आणि पातं बोथट. त्यांनी जोर लावला, साल घसरली, आणि हात तसाच पुढे पात्यावर गेला. उजव्या तळव्याला चार टाके. तुम्हीच विचार करा, विळीवर हात पात्याकडेच जात असतो. धार असेल तर भाजी आपण होऊन चिरली जाते, हात हलका राहतो. धार नसेल तर सगळा भार हातावर, आणि सुटला की सुटलाच. आणि बोथट म्हणजे भोपळ्याला बोथट हो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कातडीला ते पातं पुरेसं होतं.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आजी, आता विळी बंद करा." सासूबाई म्हणाल्या, "विळीचा दोष नाही हो. धार नव्हती." आणि रिक्षात बसल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तू तरी काय करणार? धारवालाच येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

हात भरून आल्यावर एका सकाळी हे विळी घेऊन बसले. मीच काढून दिली. ह्यांनी धारेचा कोन धरायचा एक प्लास्टिकचा ठोकळा आणला होता, वीस अंशांचा. पण पातं वाकडं, त्यातून पाटाला ठोकलेलं, ते दगडावर कसं फिरवणार? सासूबाई समोरच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अरे, विळीला दगडाकडे काय नेतोस? दगड विळीकडे ने. आणि समोर बसू नकोस, बाजूला बस. पाट पायाखाली दाब. छोटा दगड हातात घे, ओला कर. पात्याला टेकव, जरासा उचल. बुडापासून टोकाकडे, सावकाश. जोर नको."

"किती अंश उचलू?" ह्यांनी विचारलं.

"अंश-बिंश मला ठाऊक नाही. दगड आणि पात्यामध्ये करंगळी शिरेल न शिरेल इतका."

ह्यांनी ठोकळा लावून पाहिला. वीसच्या जवळपासच आलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ठोकळा खिशात टाकला.

दहा-बारा मिनिटं नुसता घासण्याचा आवाज. मग सासूबाई म्हणाल्या, "आता लव आली का बघ."

"लव?"

"पलीकडच्या अंगाला. बोट आडवं लाव. बारीक लव लागेल."

हे बोट लावून थबकले. इतक्या महिन्यांत मी ह्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. "आई, ह्याला बर म्हणतात," असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "हो, आली लव."

"मग आता दुसरीकडून. आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर नाहीतर जाड कापडावर पुसल्यासारखं कर, म्हणजे निघून जाईल. माझे वडील तसंच करायचे." चामड्याचा पट्टा म्हणजे ह्यांचा तो स्ट्रॉप. ह्यांनी कपाटातून आपला बँकेत जाताना लावायचा पट्टा काढून आणला.

आता तुम्हालाही करायचं असेल, तर मी शिकले ते सांगते. सुरी असेल तर दगडाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे सरकत नाही. पाण्याचा मऊ दगड आधी दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की घ्या. तेलाचा दगड असेल तर त्याला तेलच, आज तेल उद्या पाणी करू नका. कोन कसा ओळखायचा? सुरी दगडावर उभी धरा, तो काटकोन. निम्मी कलवा, पुन्हा निम्मी कलवा, तिथे साधारण बावीस अंश होतात, त्याहून किंचित खाली. पातं चार सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून दीड सेंटीमीटरहून जरा कमीच उचललेली असते. कोन एकदा धरला की मोडू नका, सगळी कला तेवढीच. दगड नसेल आणि पाहुणे दाराशी असतील, तर चिनी मातीच्या कपाचं बूड बघा. तिथे एक खरखरीत, चकाकी नसलेलं कडं असतं, त्यावर सुरी पाच-सहा वेळा ओढली तरी टोमॅटो कापण्यापुरती धार येते. पावाच्या दातेरी सुरीच्या वाटेला जाऊ नका, आणि कात्रीची आतली सपाट बाजू तर मुळीच घासू नका, दोन पाती एकमेकींना भेटेनाशी होतात. ती धारवाल्याकडेच द्या. सुरी स्टीलच्या ताटलीत किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चालवाल तर रोज धार लावूनही उपयोग नाही, लाकडी पाटच बरा. लोखंडी विळी कैरी, लिंबू, चिंच चिरल्यावर लगेच धुऊन कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा. एक फायदा तर मला ठाऊकच नव्हता: धारदार पात्याने कांद्याच्या पेशी कमी चिरडतात, म्हणून डोळ्यांना पाणीही कमी येतं.

त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांना कांद्याशिवायच आलं. विळी पुसून मी सासूबाईंपुढे ठेवली आणि म्हटलं, "आई, धारवाला येत होता. मीच विळी देत नव्हते."

त्या गवारीच्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहीत आहे मला. गल्लीच्या तोंडाशी आरोळी द्यायचा की तो. डोळे गेलेत ग माझे, कान नाही गेले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी भीती कळत होती मला. म्हटलं, राहू दे."

मग पाट पायाखाली घेतला, मूठभर कोथिंबीर धरली आणि पात्याला नुसती टेकवली. आवाजसुद्धा झाला नाही. हे बाजूला उभेच होते. म्हणाले, "आई, ही हजारावरची आहे. उद्या सहा हजारांवर करून देऊ का?"

"नको रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "कोथिंबिरीला हजार पुरेत. पेन्शन जपून वापर."